‘मागचे २४ तास’ म्हणजे नेमके कुठले?

आमच्या विटा भागातले गलाई बांधव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेले. हिंदी मुलखात ‘कल’ म्हणजे काल की उद्या, हे क्रियापद ऐकल्याशिवाय कळत नाही. काळाचा हा घोळ तत्त्वज्ञानातही आहे. मॅक्टॅगर्ट यांनी १९०८ साली काळाच्या दोन रांगा मांडल्या. ‘आधी-नंतर’ची रांग स्थिर असते; ‘भूत-वर्तमान-भविष्य’ ही ‘आत्ता’बरोबर सरकते. त्यावरून काळ खराच नाही, असं त्यांनी ठरवलं. व्यापाऱ्याला तसं म्हणून चालत नाही!

समजा, एका मोठ्या पेढीचा संगणक बिलं आपोआप ई-इनव्हॉइस पोर्टलकडे पाठवतो. बिल अडकलं, तर घेणाऱ्याची करवजावटही अडकते. अडकलेली बिलं दाखवणाऱ्या पडद्यावर आपण ‘१ ते ३१ मार्च’ लिहून ठेवलं, तर एप्रिलमधलं बिल दिसणारच नाही. पडदा रिकामा, आणि आपण म्हणतो सगळं ठीक आहे. म्हणून तिथं सरकता काळ हवा: ‘आत्तापासून मागचे इतके तास’.

किती? दोनदा पाहण्यातल्या अंतराहून जास्त. शनिवारी संध्याकाळी ६ ला पाहिलं, नंतर थेट सोमवारी सकाळी १० ला, तर मध्ये ४० तास जातात. २४ तासांच्या चौकटीतून शनिवारची रात्र निसटते. तिथं ४८ ठेवावेत.

शिवाय बरेच संगणक जागतिक वेळ धरतात, ती आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे ५ ला त्यांचा ‘आज’ हा आपला काल असतो.

महिन्याचं विवरणपत्र भरताना मात्र ठरावीक तारखाच लागतात. तिथं ‘आत्ता’चं काम नाही.