मोफत सॉफ्टवेअरवर डेटाबेसचे शिक्षण : विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

शिष्यवृत्ती असो, रेशन असो वा पेन्शन, प्रत्येक लाभार्थ्याची नोंद डेटाबेसमध्ये ठेवली जाते. नावातील एका अक्षराच्या फरकाने अर्ज का अडतो, हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी स्वतः करून पाहू शकतात.

कोठे शिकवले जाते?
सीबीएसईच्या दहावीतील ‘माहिती तंत्रज्ञान’ (विषय संकेतांक ४०२) या कौशल्य विषयात डेटाबेस व्यवस्थापन हा घटक असून त्यासाठी लिब्रेऑफिस बेस वापरले जाते. विषयाचे गुण लेखी ५० व प्रात्यक्षिक ५० असे आहेत. हा विषय सर्व शाळांत नसतो. आपल्या शाळेत चौकशी करावी.

खर्च किती?
लिब्रेऑफिस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याला परवाना शुल्क नाही. ते विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते, त्यामुळे शाळेतील सराव घरच्या संगणकावरही करता येतो. बेससाठी जावा हे मोफत सॉफ्टवेअरही लागू शकते.

विद्यार्थी काय शिकतात?
- टेबल: एका ओळीत एका विद्यार्थ्याची नोंद, प्रत्येक रकान्यात एकच माहिती.
- प्रायमरी की: वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असू शकतात, पण त्यांचे प्रवेश क्रमांक वेगळे असतात. हा क्रमांक प्रायमरी की ठरवल्यास तोच क्रमांक दुसऱ्यांदा भरता येत नाही.
- रिलेशन: विद्यार्थ्यांचे टेबल व शिष्यवृत्तीचे टेबल याच क्रमांकाने जोडले जाते. नाव-पत्ता पुन्हा लिहावा लागत नाही.
- फॉर्म, क्वेरी व रिपोर्ट: माहिती भरणे, हवी ती शोधणे आणि छापणे.

करून पाहा
दहा काल्पनिक विद्यार्थ्यांचे टेबल तयार करा. बँक खात्याचा रकाना रिकामा असलेल्यांची यादी क्वेरीने काढा. मग एका नावातील एक अक्षर बदला आणि मूळ नावाने शोधा. ती नोंद सापडणार नाही. अर्जातील नाव आणि आधार किंवा बँकेतील नाव जुळले नाही, तर अशीच अडचण येऊ शकते.

लक्षात ठेवा
- सरावासाठी कोणाचाही खरा आधार किंवा बँक खाते क्रमांक वापरू नये.
- शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यापूर्वी शाळा, आधार व बँक येथील नाव आणि जन्मतारीख जुळवून पाहावी. फरक असल्यास अंतिम मुदतीपूर्वी दुरुस्ती करून घ्यावी.