दुसऱ्या डंखाची गोष्ट

हुडकेश्वरला नवी इमारत उभी राहिली की कधीकधी माणसांच्या आधी मधमाश्याच राहायला येतात. चौथ्या मजल्याच्या सज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीला काळसर काहीतरी लोंबू लागतं; लांबून वाटावं, कुणी घोंगडी वाळत घातली आहे. मग त्या घोंगडीवरून एक लाट सरसरत जाते आणि कळतं, हे आग्यामोहोळ. काही वर्षांपूर्वी इथे शेतं होती, बांधावर झाडं होती. नागपूर महापालिकेची हद्द इथवर आली, प्लॉट पडले, झाडं गेली. उंचावर टांगून घ्यायची सवय असलेल्या या माश्यांनी मग सिमेंट पत्करलं. चौकीदार येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत असतो, "तिच्या खाली थांबू नका जी. अन् पोट्ट्यायले गोटे मारू देऊ नका."

पोट्टे गोटे मारतातच.

समजा, दोन मुलं सापडली. एकाला वीस डंख बसले, दुसऱ्याला एकच. वीसवाला बोंबलतो, सुजतो, एखादी उलटी करतो. घरचे चुना लावतात, डॉक्टर त्याला काही तास नजरेखाली ठेवतात आणि संध्याकाळी तो घरी असतो. एकच डंख बसलेला मुलगा मात्र पाच-दहा मिनिटांत अंगभर गांधी उठून लाल होतो. ओठ जाड होतात, आवाज घोगरा होतो, छातीत शिट्टी वाजते, डोळ्यांपुढे अंधारी येते. विषाचाच हिशोब असता तर वीसवाल्याचं अधिक बिघडायला हवं होतं. पेटीत पाळलेल्या युरोपीय मधमाशीच्या एका डंखातून साधारण पन्नास मायक्रोग्रॅम विष अंगात जातं, म्हणजे मिठाच्या एका बारीक कणाएवढं. एवढ्याशाने धडधाकट पोरगा जमिनीवर कसा येतो?

याच्या उत्तराची सुरुवात झाली ती समुद्रावर. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात, ब्लूबॉटल म्हणतात त्यांना. त्यांचंच मोठं भावंड अटलांटिकमध्ये असतं. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ त्याच्या विषाचा अभ्यास करत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. थोडंथोडं विष देऊन कुत्र्याला सराव करून द्यायचा, असा बेत होता. नेपच्यून नावाच्या दांडग्या कुत्र्याला अगदी कमी मात्रा दिली. त्याला काही झालं नाही. तीन आठवड्यांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली, आणि पंचवीस मिनिटांत तो मेला. सराव झालाच नव्हता, उलटंच काहीतरी झालं होतं. रिशेने त्याला नाव दिलं अ‍ॅनाफिलॅक्सिस, रक्षणाच्या उलट. १९१३ साली त्याला नोबेल मिळालं.

म्हणजे पहिल्या डंखात काही घडत नाही, किंवा घडलेलं दिसत नाही. शरीर फक्त नोंद करून ठेवतं. ही नोंद म्हणजे आयजीई नावाचं प्रतिद्रव्य. आपल्या रक्तातल्या प्रतिद्रव्यांत हे सगळ्यात कमी, पण त्याची बसण्याची जागा मोक्याची: त्वचेत, नाकात, फुप्फुसांत, आतड्यांत ठाण मांडून असलेल्या मास्ट पेशींवर. या पेशी हिस्टामिनने ठासून भरलेल्या. दुसऱ्यांदा तेच प्रथिन आलं, शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटलं, की पेशी आपली कोठारं उघडते. रक्तवाहिन्या झिरपू लागतात. वाईटात वाईट झटक्यात रक्तातल्या द्रवाचा तिसरा हिस्सा दहा मिनिटांत वाहिन्यांबाहेर निघून जाऊ शकतो. रक्त सांडत नाही, तरी हृदयाला पंप करायला रक्त उरत नाही. म्हणून अशा रोग्याला उठवून बसवायचं नाही, चालवत रिक्षेपर्यंत न्यायचं नाही. आडवं झोपवून पाय उंच करायचे, आणि दम लागत असेल तरच टेकवून बसवायचं.

इथे मला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. ते शिकले नागपूरच्या मेडिकलमध्ये, हुडकेश्वरहून रिक्षेने जाता येईल इतक्या जवळ, आणि नोकरीला गेले कोकणात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे लाल विंचवाने माणसं, विशेषतः पोरं, मरत होती. बावस्करांनी रात्र-रात्र उशाशी बसून पाहिलं की विंचवाचं विष शरीराच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनॅलिनचा आणि त्याच्या भावंडांचा पूर आणतं. रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांचं निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून तो पूर अडवला आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

आता गंमत पाहा. विंचवाच्या डंखात ज्या अ‍ॅड्रिनॅलिनला आवरायचं, तेच मधमाशीच्या अ‍ॅलर्जीत बाहेरून टोचायचं. झिरपणाऱ्या वाहिन्या ते आवळतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, मास्ट पेशींना आवर घालतं. दोन्हीकडे 'डंख', दोन्हीकडे 'विष', आणि उपचार एकमेकांच्या विरुद्ध. विंचू स्वतःच्या विषाने मारतो. मधमाशी इथे नुसती कळ दाबते.

अ‍ॅड्रिनॅलिनची एक मिलिलिटरची काचेची कुपी असते, त्यात एक मिलिग्रॅम औषध. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असा हिशोब, म्हणजे वीस किलोच्या मुलाला कुपीचा पाचवा भाग, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. इतकं जुनं आणि इतकं स्वस्त औषध दवाखान्याच्या ट्रेमध्ये पडलेलं असतं. तरी अनेकदा आधी अ‍ॅव्हिलचं इंजेक्शन दिलं जातं, मग स्टेरॉइड, आणि 'अ‍ॅड्रिनॅलिन जपून' म्हणता म्हणता वेळ जातो. अ‍ॅव्हिल खाज थांबवतं. कोसळणारा रक्तदाब ते उचलत नाही. परदेशात अशी मुलं दप्तरात पेनासारखं तयार इंजेक्शन घेऊन फिरतात. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये सहज मिळत नाही. तेव्हा कुपी, सुई, आणि १०८.

हे झालं डंखाचं. अन्नाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, कारण तिथे आपण आधीच निदान करून मोकळे झालेले असतो. अंगावर गांधी उठल्या की मराठी घरात शब्द ठरलेला: पित्त. आजी आमसूल चोळते, दोन तासांत गांधी विरतात, श्रेय आमसुलाला. गांधी बहुधा आपल्याआपणच विरणार होत्या, पण आमसुलाशी कोण भांडणार? मला मौज वाटते ती भाषेची. डंख मारणारी गांधीलमाशी आणि अंगावर उठणारी गांध, दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात. हिस्टामिन कुणी पाहण्याआधी भाषेने माशी आणि पुरळ एका दावणीला बांधून ठेवले होते.

मग दोष कुणाचा, ते ठरतं. पहिला आरोपी वांगं. म्हैसूरच्या संशोधकांनी वांग्याचा रीतसर अभ्यास केला. वांगं सोसत नाही म्हणणारे पुष्कळ निघाले, खऱ्या अ‍ॅलर्जीचे मोजकेच. आपला खरा गुन्हेगार वेगळा असू शकतो. पाटील, निफाडकर आणि बापट या मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली हरभऱ्यावर निबंध लिहिला आणि भारतीय उपखंडातलं हे महत्त्वाचं अ‍ॅलर्जीकारक अन्न आहे, असं दाखवून दिलं. हरभरा! नागपुरात पोह्यांवर तर्री, तर्रीत चणे. पाटवडीत बेसन, झुणक्यात बेसन, भज्यात बेसन. इतका सर्वत्र असलेला पदार्थ संशयाच्या यादीत सहसा नसतोच.

अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा माग कसा काढतात याची एक जुनी गोष्ट मला फार आवडते. १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्यूस्टनरला मासा चालत नसे, प्राउस्निट्झला चालत असे. क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि मासे निवांत खाणाऱ्या माणसाच्या पोटावर टरटरून गांध उठली. अ‍ॅलर्जी रक्तातून उसनी देता येते! रक्तातला तो 'कुणीतरी' म्हणजे आयजीई, हे कळायला १९६६ उजाडावं लागलं. ते काम अमेरिकेत इशिझाका या जपानी नवराबायकोने केलं, आणि त्याच सुमारास स्वीडनमध्येही.

आजची प्रिक टेस्ट म्हणजे याच प्रयोगाचं सभ्य रूप. हातावर शेंगदाणा, दूध, अंडं, कोळंबी, हरभरा यांच्या अर्कांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून सुईचं टोक जरासं टेकवतात. रक्त येत नाही. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामिनचा, म्हणजे कातडी खोटं बोलत नाही ना हे तपासायला. पंधरा मिनिटांनी पट्टी लावून मोजायचं. मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटर मोठी गांध म्हणजे होकार.

पण कशाचा होकार? इथे पुष्कळ घरं फसतात. कातडी एवढंच सांगते की शरीराने या प्रथिनाची नोंद केलेली आहे. त्या नोंदीवरून दंगा होईलच, हे ती सांगत नाही. कर्नाटकात मोठ्या माणसांची पाहणी झाली. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. खरी अ‍ॅलर्जी संभवत होती फक्त १.२ टक्क्यांना. तिथल्याच शाळकरी मुलांत तर हे प्रमाण ०.१४ टक्के निघालं. म्हणून दीडशे पदार्थांची यादी असलेला महागडा रक्ताचा रिपोर्ट घेऊन दूध, गहू, डाळ, अंडं सगळंच बंद केलेलं पोर दिसलं की वाईट वाटतं. ते अ‍ॅलर्जीने सुकत नाही, यादीने सुकतं. आधी गोष्ट ऐकायची: काय खाल्लं, किती मिनिटांनी झालं, दर वेळी होतं का? मग टेस्ट. तरीही शंका उरली तर रुग्णालयात, अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी ठेवून, संशयित पदार्थ चिमटीपासून चढत्या मात्रेने खायला देऊन पाहायचा. घरी हा प्रयोग करायचा नाही.

गोष्ट ऐकण्याचं महत्त्व कळतं ते तरुण पोरांत. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारं पोरगं घ्या. पोळी खाऊन झोपलं तर काही नाही. उपाशी पळालं तरी काही नाही. पोळी खाऊन लगेच पळालं की अंगभर गांधी आणि चक्कर. गव्हातलं एक प्रथिन आणि व्यायाम, दोघं मिळून आले तरच हा झटका येतो. सुईने गव्हाचं नाव निघेल कदाचित. पळण्याचं नाव फक्त ते पोरगंच सांगू शकतं. आणि सतरा वर्षांचं पोरगं सांगत नाही. मित्रांच्या घोळक्यात 'मला हे चालत नाही' म्हणायची त्याला लाज वाटते, घसा खवखवायला लागला की ते एकटंच उठून बाथरूममध्ये जातं. अ‍ॅलर्जीतले जिवावरचे प्रसंग, विशेषतः अन्नामुळे येणारे, या वयात अधिक घडतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कमी आढळते; ती का, याचा धागा लंडनमध्ये सापडतो. तिथल्या ज्यू मुलांत ती इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट होती. इस्रायलमध्ये बाळं दात येण्याच्या वयात शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात. लंडनमध्ये डॉक्टरांच्या सांगण्यावरून शेंगदाणा लांब ठेवला जात होता. मग गिडियन लॅक यांच्या चमूने जोखमीच्या ६४० तान्ह्यांवर चाचणी घेतली. २०१५ साली निकाल आला: लवकर खाऊ घातलेल्यांत पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. लॅक यांचं म्हणणं असं की इसबाने फाटलेल्या त्वचेतून अन्नाची पहिली ओळख झाली तर शरीर त्याला शत्रू मानतं, तोंडावाटे झाली तर पाहुणा. जिथे उष्टावणाच्या वाटीनंतर लवकरच पातळ डाळीत मिसळलेलं दाण्याचं कूट बाळाच्या पोटात जातं, त्या स्वयंपाकघराचा यात किती वाटा, हे मोजून कुणी सांगावं असं मला फार वाटतं. (अख्खा दाणा मात्र तान्ह्याला कधीच नाही, तो श्वासनळीत अडकतो.)

आणि ज्याची नोंद होऊन बसली आहे, त्याचं काय? दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर सुटते, शेंगदाण्याची पाचातल्या एखाद्याचीच. डंखाच्या बाबतीत मात्र शरीराला पुन्हा शिकवता येतं, आणि औषध असतं तेच विष. सुरुवात एका डंखाच्या हजाराव्या भागापासून किंवा त्याहून कमी. मात्रा चढवत चढवत शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत न्यायची, म्हणजे दोन माश्यांचं विष एका सुईत. मग महिन्याला एक सुई, तीन ते पाच वर्षं. नेपच्यूनच्या बाबतीत रिशेला जे साधलं नाही, ते इथे साधतं. शरीर आयजीईच्या जोडीला दुसरी प्रतिद्रव्यं बनवतं, आणि ती विषाला वाटेतच गाठतात. हे विषाचे अर्क आपल्याकडे मोठ्या शहरांतही मुश्किलीने मिळतात आणि ते युरोपीय माशीचे असतात, आग्याचे नव्हेत. दोन्ही विषं पुष्कळशी सारखी असतात, एवढाच दिलासा.

हा उपचार खरा की मनाची समजूत, हे ठरलं ते १९७८ साली अमेरिकेत. तोवर डॉक्टर अख्खे कीटक वाटून त्यांचा अर्क टोचत असत. मग एका गटाला शुद्ध विष दिलं, एकाला वाटलेले कीटक, एकाला नुसतं दिखाऊ औषध. आणि मग त्यांतल्या पुष्कळांच्या हातावर जिवंत माशी ठेवून, सगळी तयारी करून, मुद्दाम डंख मारून घेतला. दिखाऊ औषधाच्या गटातल्या १२ पैकी ७ जणांना झटका आला. कीटकांच्या अर्काच्या गटात ११ पैकी ७. शुद्ध विषाच्या गटात डंख घेतला १८ जणांनी. झटका आला एकाला. उरलेले सतरा जण हात पुढे धरून बसून राहिले, आणि डंखाच्या जागी नेहमीसारखी एक गांध उठली.