वक्र जाळीवरील कण आणि अव्यवस्था

स्फटिकाच्या नियमित जाळीत इलेक्ट्रॉनची लाट सर्वत्र पसरते. त्याच जाळीत ठिकठिकाणी पुरेसे अनियमित चढउतार असतील, तर लाट एका जागी अडकते आणि पदार्थ विद्युत्‌रोधक होतो. फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली मांडलेल्या या सिद्धान्ताचा १९७७ च्या नोबेल पारितोषिकात मोठा वाटा होता.

असे का घडते? बेळगावच्या किल्ल्याला खंदकाच्या कडेने उजवीकडून वा डावीकडून फेरी घातली, तरी अंतर तेवढेच भरते. कणाची लाटही प्रत्येक वळशावरून दोन्ही दिशांनी फिरून येते. दोन्ही लाटा एका तालात भेटून परस्परांना पुष्ट करतात व मूळ जागी परतण्याची शक्यता वाढते. सपाट जाळीत असे वळसे विपुल असतात. म्हणूनच द्विमितीत सामान्यतः अल्पशी अव्यवस्थाही कणाला अडकवते, हे १९७९ साली अँडरसन, भारतीय शास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

आता क्रोशाच्या रुमालात प्रत्येक फेरीला टाके ठरावीक पटीने वाढवीत जावे. रुमाल सपाट न राहता कडेला झालरीसारखा वळतो. हीच ऋण वक्रता. येथे बाहेर जाणाऱ्या वाटा इतक्या फुटतात, की परतीची वाट क्वचितच लाभते. त्यामुळे कण अडकण्यास अव्यवस्थेला एक निश्चित मर्यादा ओलांडावी लागते, असे अलीकडील संगणकीय अभ्यासांतून दिसते. २०१९ मध्ये प्रिन्स्टन येथे अतिवाहक परिपथांतून अशी जाळी प्रत्यक्ष घडविण्यात आली.

कणाचे भवितव्य दोषांच्या प्रमाणाबरोबरच अवकाशाच्या आकारावरही अवलंबून असते. विद्यार्थ्यांनी तो रुमाल एकदा अवश्य विणून पाहावा.