भाग ३१: वाचनालयाचे आराखडे बघताना नेमकं काय बघायचं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. त्याच्या गावात नगरपालिकेने नवं वाचनालय आणि शेजारचं मैदान यांचे तीन आराखडे लावलेत आणि हरकती-सूचना मागवल्यात. तो म्हणतो, ‘तिन्ही चित्रं मस्तच दिसतायत, मत कशावर द्यायचं?’ मी आर्किटेक्ट नाही, कोड लिहितो. पण हेलसिंकीच्या ‘ओओडी’ वाचनालयाबद्दल मी बरंच वाचलंय, आणि या प्रश्नाला ते उदाहरण चपखल बसतं.

फिनलंडच्या संसदेसमोर एक चौक आहे, कान्सालाइस्तोरी, म्हणजे नागरिकांचा चौक. त्याच्या दुसऱ्या बाजूला हे वाचनालय ५ डिसेंबर २०१८ला उघडलं. त्याआधी खुली स्पर्धा झाली. प्रवेशिका आल्या ५४४! त्याही निनावी, फक्त टोपणनावाने. मोठ्या नावाला बघून मार्क द्यायची सोयच नाही. त्यातून सहा निवडल्या, त्यांच्याकडून काम पुढे करून घेतलं आणि २०१३मध्ये ‘एएलए’ या हेलसिंकीच्याच फर्मचा आराखडा जिंकला.

आता खरी गंमत. त्या जागेखालून पुढेमागे रस्त्याचा बोगदा जाऊ शकतो म्हणून जागा राखून ठेवायची होती. म्हणजे मधोमध खांब रोवायला बंदी. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा अटीला शिव्या घालतो. यांनी काय केलं, तर इमारत पुलासारखी बांधली: १०० मीटरहून लांब दोन पोलादी कमानी, आणि सगळा भार त्यांच्यावर. त्यामुळे तळमजला आपोआप मोकळा मिळाला. कॅफे, थिएटर, नुसतं येऊन बसायची जागा. दर्शनी भाग चौकावर छतासारखा पुढे येतो, त्यामुळे चौक कुठे संपतो आणि वाचनालय कुठे सुरू होतं ते पटकन कळत नाही. कमानींच्या मधल्या मजल्यावर बंदिस्त कोपरे तयार झाले, तिथे रेकॉर्डिंग स्टुडिओ, शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर. सगळ्यात वर उजेडात पुस्तकं, साधारण एक लाख.

पुस्तकं वर का नेली, हे मला आधी खटकलं होतं. आजोबांनी दोन मजले चढायचे? लिफ्ट आहेच, पण मुद्दा वेगळा आहे. खाली गोंगाट, मध्ये खटपट, वर शांतता. आवाजाप्रमाणे मजले लावलेत. आपल्याकडे अभ्यासिकेच्या भिंतीला लागून कार्यक्रमाचा हॉल असतो आणि मग एमपीएससीची पोरं कानात बोळे घालून बसतात.

तर मित्रा, चित्रातली झाडं आणि फुगे उडवणारी मुलं विसर. आधी विचार, जागेवरची न हलणारी अट कोणती? नाला, जुना वड, आठवडी बाजार, जे काही असेल ते. तिन्हींपैकी कोणत्या आराखड्याने ती अट वापरून घेतलीये आणि कोणी नुसती झाकलीये? दुसरं, आवाज कुठून कुठे जाणार? तिसरं, संध्याकाळी सातला, पुस्तक घ्यायचं नसलेला माणूस तिथे फुकट बसू शकेल का? मैदानाकडून सरळ आत येता येतं, की कुंपण, गेट आणि वॉचमनची खुर्ची? माझ्या मते हा तिसरा प्रश्न सगळ्यात जड आहे. इमारत सुमार असली तरी लोक चालवून घेतात. पण गेटवरच ‘काय काम आहे?’ विचारलं, की निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जातात, आणि त्यात बायका आधी.

खर्चाचं थोडक्यात: बांधायला किती, हे बोर्डावर असतंच. चालवायला वर्षाला किती, हे लेखी विचार. काचेची भिंत हेलसिंकीच्या थंडीत उजेड आणते, विदर्भाच्या मे महिन्यात एसीचं बिल आणेल.

आणि सूचना लिहिताना ‘आराखडा दोन छान आहे’ असं लिहू नकोस, त्याचं कोणी काही करू शकत नाही. ‘आराखडा दोनमध्ये अभ्यासिका हॉलला चिकटून आहे, ती वरच्या मजल्यावर न्यावी’ असं लिही. अर्ज दोन प्रतींत दे आणि एकीवर पोच घे.