जार गेला, आरओ आला. पाणी कुणी तपासलं?

मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं एकट्या भातसा धरणातून जातं. तानसा (१८९२) आणि मोडकसागर (१९५७) हीसुद्धा शहापूर तालुक्यातलीच धरणं. शेजारच्या मुरबाडची गावं बारवीच्या बुडिताखाली गेली. तरीही उन्हाळा लागला की इथले पाडे टँकरची वाट बघतात, आणि आसनगाव-आटगावच्या गाळ्यांत, मुरबाडच्या एमआयडीसीत, तालुक्याच्या कचेऱ्यांत सकाळी टेम्पोतून पाण्याचे जार उतरतात. बाटलीबंद पाण्याचा धंदा तसा या जिल्ह्याला नवा नाही. १९६५ साली काचेच्या बाटल्यांतून पाणी विकायला निघालेल्या बिसलेरीचा कारखाना ठाण्यातच होता.

आता काही ठिकाणी जार बंद करून फिल्टर बसवायचं चाललंय. ते योग्यच आहे. सीलबंद बाटलीला निदान मानक असतं, तारीख असते. या गार पाण्याच्या जारला ना सील, ना तारीख, ना बॅच नंबर. पाणी थंड लागतं म्हणून ते शुद्ध वाटतं, एवढंच. थंडीने जिवाणूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. बाटलीतही सगळं आलबेल नसतं. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या तीन ब्रँडांचं पाणी तपासलं, तर लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिककण निघाले, त्यातले सुमारे ९० टक्के नॅनो आकाराचे. शरीरात ते नेमकं काय करतात, यावर संशोधन सुरू आहे.

अडचण जार गेल्यानंतर सुरू होते. ‘फिल्टर घ्या’ म्हटलं की दुकानदार आरओ दाखवतो आणि साहेबही आरओच मागतात. आरओ हे मुळात खारं पाणी गोडं करायचं तंत्र. त्याच्या पापुद्र्यातून पाण्याचे रेणू दाबाने पलीकडे ढकलले जातात, विरघळलेले क्षार अलीकडे राहतात, आणि ते वाहून न्यायला पाणी सोडून द्यावं लागतं. क्षार मोजायचं माप म्हणजे टीडीएस. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो, आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. सह्याद्रीच्या बेसाल्टवरून धावत येऊन धरणात साठलेलं पावसाचं पाणी मुळातच मऊ असतं. ५०० च्या जवळपासही ते जात नाही. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे साखर न घातलेल्या चहातली साखर काढत बसणं. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. ते आधी मोजावं, मग ठरवावं.

हिशेब करून बघा. शंभर कामगार, मे महिना, माणशी ३ लिटर, म्हणजे दिवसाला ३०० लिटर. साधा आरओ चारातलं तीन लिटर पाणी फेकतो, म्हणजे ९०० लिटर गटारात. जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटर धरले आहेत. त्या मापाने हा सोळा जणांचा दिवसाचा वाटा झाला. कुंपणापलीकडच्या पाड्यावर टँकर येत असताना हे मला तरी पटत नाही.

इथल्या धरणाच्या पाण्यातला खरा धोका जिवाणूंचा आणि पावसाळ्यातल्या गाळाचा. त्याला गाळ अडवणारं काडतूस, मग कार्बन, मग अल्ट्राफिल्ट्रेशन किंवा यूव्ही एवढं पुरतं. अल्ट्राफिल्ट्रेशनची छिद्रं मायक्रॉनच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढी असतात. जिवाणू त्याहून बरेच मोठे, म्हणून ते अडकतात. नळाच्या दाबावर ते चालतं, वीज लागत नाही. लाइट जाणाऱ्या तालुक्यात ही मोठी सोय. यूव्हीचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जिवाणूचा डीएनए बिघडवतो, पण पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणाआड जिवाणू सुखरूप लपतो. त्यातून यूव्हीचा दिवा फसवा: साधारण वर्षभर जळाला की मारक किरण ओसरतात, निळा उजेड मात्र तसाच दिसत राहतो.

जुलैत काडतूस उघडून पाहा. बसवताना पांढरीशुभ्र असलेली ती दोरीसारखी गुंडाळी चहाच्या रंगाची झालेली असते, हाताला बुळबुळीत लागते. ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंची वसाहत. कार्बनने क्लोरीन काढून घेतलं की पुढच्या टाकीतल्या पाण्याला कुणी राखणदार उरत नाही. सुट्टीच्या दिवशी पाणी साचून राहतं आणि तिथे जिवाणू वाढतात. म्हणून सुट्टीनंतर पहिलं थोडं पाणी सोडून द्यावं, टाकी ठरावीक दिवसांनी धुवावी, काडतूस बदलल्याची तारीख मशीनवरच लिहावी. जारवाल्याला पैसे देताना हे काम त्याचं होतं; आता ते कुणाचं, हे बहुतेक ठिकाणी ठरतच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी आणि उघड्या गटारापासून सहा मीटर दूर ठेवायला सांगितलं होतं. मशीन मात्र प्लंबिंग सोयीचं पडतं म्हणून हमखास बाथरूमच्या भिंतीला टेकवलं जातं.

तपासणी अवघड नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण देण्यात येतं. त्यांच्याकडच्या एच-टू-एस बाटलीत नमुना भरायचा आणि दिवस-दोन दिवस ठेवायचा. पाणी काळं पडलं तर त्यात घाण मिसळलेली आहे. नमुने तीन घ्यावेत: नळाचा, जारचा आणि नव्या मशीनच्या तोटीचा. तिसरा काळा पडला, तर मशीन बदलायच्या आधी काडतूस कधी बदललं होतं ते विचारावं.