नवा कीबोर्ड व ध्वनिमुद्रणाचें सॉफ्टवेअर

हल्लीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं सिंथेसायझर कीबोर्ड येऊं लागला आहे. चार गाणीं हातांत बसलीं, कीं आपलें वादन संगणकावर मुद्रित करून ऐकावें, अशी इच्छा साहजिकच उत्पन्न होते. मग सॉफ्टवेअर कोणतें घ्यावें, हा प्रश्न पुढें येतो. सोबती एक नांव सांगतो, दुकानदार दुसरें सांगतो, आणि वाद्याइतकीच किंमत पुन्हा मोजावी लागणार कीं काय, या विवंचनेंत पालक पडतात. नांवांची यादी घेऊन या प्रश्नाचें उत्तर मिळावयाचें नाहीं. आपल्या कीबोर्डामधून बाहेर काय पडतें, हें आधीं समजून घ्यावें. म्हणजे निवड सोपी होते, आणि बहुधा पैसाही खर्चावा लागत नाहीं.

कीबोर्डांतून दोन भिन्न गोष्टी बाहेर येऊं शकतात: एक नाद व दुसरी आज्ञा. हेडफोन किंवा 'लाइन आउट' असें लिहिलेल्या जागेंतून येतो तो नाद. यूएसबीच्या तारेंतून, किंवा पांच टोंकांच्या वाटोळ्या जोडणींतून जें जातें, तें बहुधा 'मिडी' नांवाच्या सांकेतिक भाषेंतील संदेश असतात. (कांहीं नव्या वाद्यांत यूएसबीमधून नादही जातो, तें वाद्याच्या पुस्तिकेंत पाहावें.) अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानें दाबली, आणि अमुक क्षणीं सोडली, एवढाच मजकूर त्या संदेशांत असतो. मधला 'सी' हा स्वर म्हणजे ६० हा आंकडा, आणि पट्टी दाबण्याचा जोर १ ते १२७ या आंकड्यांनीं सांगावयाचा, असा तेथील संकेत आहे.

ही भाषा १९८३ सालापासून रूढ झाली. तत्पूर्वीं एका कारखान्याचें वाद्य दुसऱ्या कारखान्याच्या वाद्याशीं जोडणें फार अडचणीचें होतें. त्या वर्षाच्या जानेवारींत कॅलिफोर्नियामधील वाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनांत अमेरिकेचें 'प्रॉफेट-६००' व जपानच्या रोलंड कंपनीचें 'ज्युपिटर-६' हीं वाद्यें तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. या कामाबद्दल डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी या दोघांस २०१३ सालीं तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळालें. यांतून आपण घ्यावयाचा बोध असा, कीं भाषा सर्वांची एकच असल्यामुळें अमुक कंपनीच्या कीबोर्डास अमुकच सॉफ्टवेअर लागतें, असें मुळींच नाहीं.

नाद व आज्ञा यांतील भेद स्वरलिपीच्या दृष्टांतानें चांगला कळेल. मिडीची नोंद ही वहींत लिहिलेल्या स्वरलिपीसारखी आहे. चुकलेला एक स्वर खोडून दुसरा लिहितां येतो. सतारीसाठीं लिहिलेलें बांसरीवरही वाजवितां येतें. नादाचें मुद्रण मात्र प्रत्यक्ष झालेल्या वादनाचें असतें. त्यांतील एकच स्वर बदलणें कठीण. सीडीच्या प्रतीचें मुद्रण करितांना संगणक नादाचें दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजमाप घेतो, आणि डावा-उजवा मिळून एका मिनिटास सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. उलट एक पट्टी दाबल्याचा मिडी-संदेश अवघ्या तीन बाइटांत मावतो.

आतां निवडीकडे वळूं. आपल्या कीबोर्डाचा जो आवाज आहे तोच जपून ठेवावयाचा असेल, तर 'ऑडॅसिटी' पुरेसें आहे. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत आरंभिलेलें व २००० सालीं लोकांपुढें आलेलें हें सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. तथापि मिडीच्या आज्ञा नोंदून घेणें हें त्याचें काम नव्हे. आज्ञा नोंदून, त्या सुधारून, एकावर एक निरनिराळ्या वाद्यांचे आवाज चढवावयाचे असतील, तर जास्त सोयींचें सॉफ्टवेअर पाहिजे. घरीं ॲपलचा मॅक किंवा आयपॅड असेल, तर 'गॅरेजबँड' विनामूल्य मिळतें. विंडोजवर तें चालत नाहीं. विंडोज असेल, तर 'वेव्हफॉर्म फ्री' हें विनामूल्य आहे, आणि 'रीपर' साठ दिवस पूर्णपणें वापरून पाहतां येतें. नंतर घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरांस मिळतो. कीबोर्डाच्या खोक्यांतील कागद मात्र फेकूं नयेत. पुष्कळ कंपन्या वाद्याबरोबर एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरची लहान आवृत्ति फुकट देतात.

एका अडचणीची कल्पना आधींच असलेली बरी. संगणकांतील आवाज वापरून वाजवूं लागलें, कीं पट्टी दाबल्यावर स्वर किंचित् उशिरां ऐकूं येतो, आणि मुलास वाटतें कीं आपला हातच बेताल झाला. वास्तविक संगणक नादाचे लहान लहान गट करून ते पुढें पाठवितो. गट १,०२४ मापांचा असेल, तर त्यापायींच सुमारें २३ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो. २५६ मापांचा केल्यास तो ६ वर येतो. म्हणून वाजवितांना गट लहान ठेवावा. फार लहान केल्यानें आवाज करकरूं लागला, तर थोडा वाढवावा. विंडोजवर 'एएसआयओ' जातीचा ड्रायव्हर वापरावा. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनही विलंब वाढवितात. मुद्रणाच्या वेळीं तारेचेच घ्यावेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या सॉफ्टवेअरांत 'क्वांटाइझ' नांवाची एक सोय असते. कळ दाबतांच मागेंपुढें पडलेले सर्व स्वर मात्रेवर नेमके जाऊन बसतात. धंदेवाईक कामांत तिचा उपयोग आहे. परंतु शिकणाऱ्यानें आरंभापासून तिचा आश्रय केल्यास, लय कोठें ढळली हें त्याच्या कानास कधींच कळणार नाहीं. शिवाय आपल्या अभंगांत व भावगीतांत शब्द मात्रेच्या जरा मागें रेंगाळतो, त्यांतच पुष्कळदां गोडी असते. यंत्र ती चूक समजून पुसून टाकतें. म्हणून पहिलें वादन जसेंच्या तसें राखून ठेवावें, तें दोनदां लक्षपूर्वक ऐकावें, आणि सुधारणा करावयाची ती त्याच्या प्रतीवर करावी. पुढच्या महिन्यांत तेंच गाणें पुन्हा मुद्रित करून दोन्ही शेजारीं ठेवून ऐकिल्यास, आपली प्रगति किती झाली हें कोणाच्या प्रशस्तिपत्रावांचून समजेल.

तेव्हां पालकांनीं तीन गोष्टी पाहाव्या: घरीं संगणक कोणता आहे, मुलास नाद जपावयाचा आहे कीं आज्ञा नोंदावयाच्या आहेत, आणि खोक्यांत काय फुकट आलें आहे. विद्यार्थ्यांनीं एवढेंच करावें, कीं जें सॉफ्टवेअर हातीं येईल त्यावर एक गाणें आरंभापासून शेवटपर्यंत पुरें करावें. तें पुरें झाल्यावर आणखी काय हवें हें त्यांचें त्यांनाच नेमकें सांगतां येईल, व मग खर्च केलेला पैसा वायां जाणार नाहीं.