स्वतःचा हिशेब

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला आणि त्याची मुख्य कचेरी आज पालघरजवळच्या कोळगांवांत आहे. जव्हार-मोखाड्यापासून तारापुरापर्यंतचीं माणसें तेथें कामानिमित्त येतात. त्यांच्या तोंडीं अर्ज, तक्रार, वसूल, हिशेब हे शब्द अगदीं घरचे असल्यासारखे येतात. ते मूळचे अरबी आहेत याची आठवणही कोणास होत नाहीं. यांतील ‘हिशेब’ या शब्दाचा एक सख्खा भाऊबंद मात्र कचेरीच्या दप्तरांत सांपडावयाचा नाहीं. तो म्हणजे ‘मुहासबा’, माणसानें स्वतःकडूनच घेतलेला हिशेब.

नवव्या शतकांत बगदाद येथें हारिस नांवाचा एक सत्पुरुष होऊन गेला. तो आपलें मन इतक्या कसोशीनें तपाशी कीं, ‘मुहासिबी’ हेंच त्याचें नांव रूढ झालें. इ. स. ८५७ मध्यें तो निवर्तला. पुढें इमाम गझाली (१०५८–११११) यांनीं ‘इह्या उलूम अद्-दीन’ या विशाल ग्रंथांत या विचाराची सविस्तर मांडणी केली. दृष्टांत त्यांनीं घेतला तो बाजारपेठेचा. आपलें मन हा व्यापारांतील भागीदार आणि आयुष्य हें भांडवल. सकाळीं भागीदाराशीं अटी ठरवाव्या, दिवसभर त्याजवर नजर ठेवावी, रात्रीं नफा-तोटा पाहावा आणि तूट आली तर ती त्याच्याचकडून भरून घ्यावी. पैपैसाठीं भागीदाराशीं हुज्जत घालणारा मनुष्य या भागीदारास मात्र सहसा कांहींच विचारीत नाहीं! महाराष्ट्रांत सतराव्या शतकांत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचिला. त्यांतील रणांगणही साधकाच्या अंतरांतच आहे.

दुसऱ्याच्या दोषांविषयीं इस्लामची शिकवण फार कडक आहे. कुराणाच्या ४९ व्या सूरेंत उपहास, संशय, पाळत आणि पाठीमागची निंदा यांचा निषेध केलेला असून, अशी निंदा करणें म्हणजे मेलेल्या भावाचें मांस खाणें होय, असें तेथें सुचविलें आहे. या निंदेस ‘गीबत’ म्हणतात. हदीसप्रमाणें सांगितलेला दोष खरा असेल, तरच ती गीबत. खोटा असेल तर तें बालंट, म्हणजे त्याहून मोठा अपराध. ‘मी खोटें थोडेंच बोललों?’ ही आपली नेहमींची पळवाट येथें बंद होते.

खलीफा उमर यांची एक कथा परंपरेनें सांगितली जाते. रात्रीं गस्त घालतांना एका घरांतून संशयास्पद आवाज आला, तेव्हां ते भिंत चढून आंत उतरले. घरधनी अयोग्य कृत्यांत गुंतलेला होता. तो म्हणाला, माझा अपराध एक, आपले तीन. आपण पाळत ठेविली, दार सोडून भिंतीवरून आलांत, आणि परवानगी वा सलाम न करतां आंत शिरलांत. राज्याचा धनी निरुत्तर झाला व त्यास सोडून परत फिरला.

मग अन्याय मुकाट्यानें सोसावा काय? तसें मुळींच नाहीं. पीडितानें न्यायाधिकाऱ्यापुढें गाऱ्हाणें मांडणें, किंवा एखाद्यास संभाव्य फसवणुकीपासून सावध करणें, यांस गझालींनीं गीबतींतून वगळलें आहे. कोळगांवच्या कचेरींत जमीन बळकाविल्याची तक्रार देणारा शेतकरी निंदक ठरत नाहीं. तीच हकीकत चवीनें गांवभर सांगत सुटणारा त्रयस्थ मात्र ठरतो.

उरतो तो अवघड प्रश्न: स्वतःचा दोष स्वतःस दिसावा कसा? गझाली चार मार्ग सांगतात. जाणता गुरु, खरें बोलणारा मित्र, शत्रूची जीभ, आणि लोकांत दिसणारा दोष आपल्यांत आहे काय हें पाहणें. यांत तिसरा मार्ग विलक्षण खरा. गुरु विरळा, मित्र भिडेखातर गप्प बसतो. शत्रु मात्र आपला दोष नेमका हेरतो आणि त्याबद्दल मोबदलाही मागत नाहीं. अडचण इतकीच कीं, त्याचें बोलणें मत्सराचें आहे असें म्हणून मनुष्य तें ऐकण्यापूर्वींच झटकून टाकतो.